दोष टांकसाळीतला की नंतरचा?

प्रश्न : माझे सासरे मालवाहू बोटींवर इंजिनिअर होते. बंदरोबंदरी खिशात उरलेली सुटी नाणी त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवली होती. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला. मला नाण्यांतलं काही कळत नाही, पण ‘एरर कॉइन’चे व्हिडिओ पाहून मी काही नाणी बाजूला काढली आहेत. १९४३चा एक अमेरिकी सेंट तांब्याच्या रंगाचा आहे. एका नाण्यावरची अक्षरं दोनदा छापल्यासारखी दिसतात. एकाची कड चंद्रकोरीच्या आकारात गायब आहे. एकावर राणीच्या गालापासून कडेपर्यंत रेघ गेली आहे. एकाच्या पाठीमागे चेहरा आरशातल्यासारखा उलटा उमटलाय. चांदीची काही नाणी निळी-जांभळी पडली आहेत, त्यांतली दोन मी पॉलिश लावून घासली, आता छान चमकतात. प्लॅस्टिकच्या अल्बममधल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आलाय. एका खरेदीदाराने नुसते फोटो पाहून सगळ्यांची मिळून मोठी रक्कम देऊ केली आहे. फक्त आधी ‘तपासणी फी’ भरा म्हणतो. दीर म्हणतात, भरून टाका, संधी जाईल. काय करू?
— डब्याची वारसदार

उत्तर : फी भरू नका. ज्याला नाणं विकत घ्यायचंय त्याने तुम्हाला पैसे द्यायचे असतात, तुमच्याकडून मागायचे नसतात. फोटोवरून वजन कळत नाही, कड दिसत नाही, लोहचुंबक लावता येत नाही. तरीही जो माणूस पाच देशांच्या पाच नाण्यांची एकरकमी किंमत ठरवतो, त्याला नाण्यांत रस नाही, फीमध्ये आहे. दिरांना म्हणावं, खरी टांकसाळीतली चूक पन्नास वर्षांनीही तशीच राहते, ती काही पळून जात नाही. थांबल्याने नुकसान कुणाचं असेल तर त्या खरेदीदाराचं.

आता डब्याकडे वळू. व्हिडिओवाले ‘हे दुर्मिळ आहे का’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. तुम्ही दुसरा प्रश्न विचारा : हा धातू असा नेमका कुठल्या पायरीवर झाला असेल? नाणं तयार होण्याच्या पायऱ्या मोजक्या आहेत. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या तापवून मऊ करतात, धुतात. मग चकतीची कड दाबून थोडी उचलून घेतात. शेवटी चकती दोन डायच्या, म्हणजे नक्षी उमटवणाऱ्या पोलादी ठशांच्या मध्ये, कॉलर म्हणतात त्या पोलादी कड्यात बसते आणि प्रचंड दाबाखाली दोन्ही बाजू एकदम उमटतात. नाणं बाहेर पडतं, मोजलं जातं, पिशवीत जातं. नाण्यावरची जी विचित्र गोष्ट यांतल्या कुठल्या तरी पायरीवर घडू शकते, ती टांकसाळीची चूक असू शकते. जी कुठल्याच पायरीवर घडू शकत नाही ती नंतरची इजा, मग ती दिसायला कितीही भारी असो. डब्यातल्या शंभर विचित्र नाण्यांपैकी बहुतेक या दुसऱ्या गटातली निघतात हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव खाली-वर होणार नाही.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एका ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायला एक कॅलिपर, लोहचुंबक, आणि एकच दिवा. दिवा डोक्यावरचा नको, टेबलावरचा हवा, आणि त्याचा उजेड नाण्यावर बाजूने, तिरका पडला पाहिजे. भिंग डोळ्याजवळ धरा आणि नाणं भिंगाजवळ आणा. टेबलावरच्या नाण्यावर दुरून भिंग धरून काही दिसत नाही. नाणं नेहमी कडेने धरायचं. आणि मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, त्यात खड्डा उंचवट्यासारखा दिसतो आणि उंचवटा खड्ड्यासारखा.

खड्डा की उंचवटा, हा फरक तर या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. म्हणून तुमच्या नाण्यांतलं राणीच्या गालावरच्या रेघेचं नाणं आधी घेऊ. डायवर सगळं उलटं असतं : नाण्यावर जे वर आलेलं दिसतं ते डायमध्ये आत कोरलेलं असतं. त्यामुळे डायला तडा गेला, की दाबाखाली चकतीचा धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर बारीक, वर उचललेली रेघ उमटते. ती सरळ नसते. नदीसारखी थोडी वळत जाते, बऱ्याचदा कडेला जाऊन भिडते, आणि अक्षरं किंवा चेहरा आडवा आला तरी न थांबता त्यावरून पुढे जाते. नाणं दिव्याखाली हळूहळू गोल फिरवा. रेघेची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडत असेल तर रेघ वर आहे. दिव्याच्या बाजूची आतली कड काळी दिसत असेल तर ती आत गेलेली आहे.

वर आलेली निघाली तर डायचा तडा. ही खरी टांकसाळीतली गोष्ट आहे, पण फार सर्रास सापडते. डाय हजारो-लाखो नाणी ठोकतात, त्यांना तडे जाणारच. तडा वाढत जाऊन कडेजवळचा डायचा तुकडाच निखळला तर नाण्यावर त्या जागी नक्षी नसलेला एक गुळगुळीत गोळा उमटतो. संग्राहक त्याला ‘कड’ म्हणतात, इंग्रजीतला शब्द आहे, आपल्या काठाशी संबंध नाही. त्याला मात्र मागणी असते. असा गोळा खरा असेल तर नाणं उलटून त्याच जागेच्या मागे बघा : तिथली नक्षी फिकी, अर्धवट असते, कारण तिथला धातू पुढच्या पोकळीत निघून गेलेला असतो. वरून डाग देऊन चिकटवलेल्या गोळ्यामागे नक्षी पूर्ण असते.

रेघ आत गेलेली निघाली तर दोन शक्यता. बहुतेक वेळा तो साधा ओरखडा असतो. ओरखड्याने धातू कुठे नाहीसा होत नाही, तो बाजूला सरकतो, म्हणून चरीच्या एका किंवा दोन्ही काठांवर धातूचा बारीक बांध दिसतो आणि तळ चकचकीत, टोकदार असतो. दुसरी शक्यता कमी वेळा, पण रंजक : ठोकताना चकती आणि डायच्या मध्ये धागा किंवा तारेचा तुकडा अडकला. त्याची चर सगळीकडे एकाच रुंदीची असते, तळ गुळगुळीत असतो, काठावर बांध नसतो, आणि चरीतही नाण्याची मूळ झळाळी शाबूत असते. कधी त्यात कापडाची वीणसुद्धा उमटलेली दिसते. असं नाणं वजनाला पूर्ण भरतं, कारण त्यातलं काही गेलेलं नाही. ओरखड्यानेही वजन विशेष घटत नाही म्हणा, म्हणून इथे काट्यापेक्षा भिंगाचं ऐका.

आता दुहेरी अक्षरं. व्हिडिओवाल्यांची सगळ्यात आवडती आणि सगळ्यात जास्त फसवणारी ही गोष्ट, म्हणून थोडं सविस्तर.

नाण्याचा डाय थेट कोरत नाहीत. एका मूळ ठशावरून, ज्याला हब म्हणतात, पोलादावर दाब देऊन डाय बनवतात. पूर्वी एका दाबात पूर्ण खोली मिळायची नाही, म्हणून डाय मधे तापवून मऊ करायचे आणि हब पुन्हा दाबायचे. दुसऱ्या वेळी हब किंचित फिरलेला असला, तर डायवरच नक्षी दोनदा उमटते. मग त्या डायने ठोकलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण, तसंच, त्याच जागी. १९५५चा अमेरिकी सेंट यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावरचं साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दोनदा दिसतात. हब मध्याभोवती फिरल्यामुळे कडेजवळची अक्षरं जास्त सरकलेली असतात आणि मधला लिंकनचा चेहरा जवळजवळ जागच्या जागी दिसतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी टांकसाळीने डाय एकाच दाबात बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून इतकं ठळक दुहेरीपण सहसा होत नाही.

याच्या अगदी उलट जातीचं दुहेरीपण मशीनचं. डाय ढिला बसलेला असतो आणि ठोका पडून गेल्यावर सुटताना किंचित घसरतो, नुकतंच उमटलेलं अक्षर एका बाजूला खरवडतो. यात डायवर काहीच दुहेरी नसतं. हजारो नाण्यांवर हे आढळतं आणि संग्राहक त्याला किंमत देत नाहीत.

दोघांतला फरक भिंगाखाली असा ओळखायचा. अक्षराचा एखादा कोपरा निवडा, जिथे आडवी रेघ उभ्या रेघेला मिळते तो, किंवा अक्षराच्या टोकाला बारीक आडवी पायरी असते ती. डायचं दुहेरीपण असेल तर त्या टोकाला स्पष्ट खाच दिसते, दोन टोकं एकमेकांपासून फुटल्यासारखी. दोन्ही प्रतिमा गोलसर, भरीव, पूर्ण अक्षराच्या आकाराच्या असतात आणि अक्षर एकूण नेहमीपेक्षा जाड दिसतं. मशीनचं असेल तर अक्षराला लागून खालच्या पातळीवर एक सपाट, पातळ ओटा दिसतो. तो चमकतो, कारण धातू तिथे नुकताच घासला गेलेला असतो. आणि मूळ अक्षर नेहमीपेक्षा बारीक झालेलं असतं, कारण त्याचाच धातू खरवडून तो ओटा बनलाय. जाड झालं तर थांबून नीट बघा, बारीक झालं तर सोडून द्या.

तिसराही एक प्रकार आहे. डाय फार वापरून झिजला, की अक्षरांच्या कडा फुगतात, पुसट होतात, कडेच्या दिशेने ओढल्यासारख्या दिसतात, आणि भोवतालची जागा खडबडीत होते. तेही दुहेरी वाटतं. त्यातही काही नाही.

माझा अंदाज विचाराल तर तुमचं नाणं मशीनच्या दुहेरीपणाचं असण्याची शक्यता बरीच जास्त. पण अंदाज कशाला, कोपरा बघा.

चंद्रकोरीच्या नाण्याबद्दल मला जास्त आशा आहे. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो. कागदाला पंचिंग मशीनने एक भोक पाडून त्यालाच अर्धवट लागून दुसरं पाडावं तसं. त्या चकतीचा एक घास गेलेला असतो आणि ती तशीच पुढे ठोकली जाते. म्हणजे हा दोष नाणं होण्याच्या आधीचा आहे, आणि म्हणूनच तो ओळखता येतो : नंतर ठोका पडताना धातूला ही मोकळी जागा मिळालेली असते. घासाजवळची अक्षरं त्या दिशेला पसरलेली, निमुळती होत गेलेली दिसतात, आणि कड घासाच्या दोन्ही टोकांना हळूहळू विरत जाते. कुणी कात्रीने, कानसीने किंवा ड्रिलने घास काढला असेल तर अक्षरं सुरीने कापल्यासारखी मधेच तुटतात, कड एकदम संपते, आणि कापलेल्या भागावर हत्याराच्या समांतर रेघा असतात.

याहून सुंदर खूण बरोबर समोर असते. कड उचलून घ्यायच्या पायरीवर चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर तिथे दाब बसत नाही, आणि म्हणून घासाच्या अगदी समोरची कडही नीट उचलली जात नाही. तिथे कड सपाट, फिकी राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक खऱ्या नाण्यावर दिसेलच असं नाही, पण दिसला तर खोटं करणाऱ्याला तो जमणं फार कठीण, कारण त्याच्या डोक्यातच हे येत नाही की इथला घास काढला तर तिथली कड पुसावी लागेल. घासाची वक्रता नाण्याच्या वक्रतेशी जुळते का तेही बघा, पंच तोच असतो ना. वजन अर्थातच कमी भरायला हवं.

वजनावरून आठवलं. प्रत्येक देशाची टांकसाळ आपल्या नाण्यांचं ठरलेलं वजन आणि व्यास प्रसिद्ध करते. तुमच्याकडच्या प्रत्येक नाण्यासमोर हे दोन आकडे आणि तुमच्या काट्यावरचे दोन आकडे लिहून ठेवा. नाणं मध्यभागी न बसता एका बाजूला सरकून ठोकलं गेलं असेल किंवा कॉलरबाहेर पसरून मोठं झालं असेल, तर वजन पूर्णच भरतं, फक्त व्यास किंवा आकार बदलतो. उलट आम्लात बुडवून बारीक केलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजलेलं आणि हलकं असतं. कपडे वाळवायच्या मशीनमध्ये महिनोन्महिने गडगडलेली नाणीही सापडतात. त्यांची कड ठोके खाऊन जाड, गोलसर आणि गुळगुळीत झालेली असते, व्यास घटलेला असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं कसली तरी अजब टांकसाळी चूक आहे. कुठल्याही पायरीवर असं होत नाही. सोडून द्या.

१९४३चा तांबडा सेंट हा तर पुस्तकी प्रसंग. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची गरज असल्याने त्या वर्षी अमेरिकेने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी चकत्यांवर काढले. ते राखाडी दिसतात. आधीच्या वर्षातल्या काही कांस्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांवरही १९४३ उमटलं. असे सेंट मूठभरच आहेत आणि अफाट प्रसिद्ध आहेत. प्रसिद्ध असल्यामुळेच लाखो पोलादी सेंटांना कुणी ना कुणी तांब्याचा मुलामा देऊन ठेवलाय, कुणी गंमत म्हणून, कुणी फसवायला. लोहचुंबक लावा. चिकटला तर प्रकरण तिथेच मिटलं. नाही चिकटला तर वजन करा : पोलादी सेंट २.७ ग्रॅमच्या आसपास असतो, कांस्याचा ३.११. वजन कांस्याचं भरलं तरी नाचू नका, १९४८च्या सेंटचा ८ कापून ३ केलेलीही नाणी फिरतात. एखाद्या साध्या पोलादी १९४३ सेंटवरचा ३ शेजारी ठेवून आकार जुळवा आणि आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा शोधा. हे सगळं पार झालं, तरच ते नाणं तज्ज्ञाकडे न्यायचं. दहात नऊ वेळा चुंबकच उत्तर देऊन मोकळा होतो.

जाता जाता, १९८२नंतरचे अमेरिकी सेंट आतून जस्ताचे आणि वरून तांब्याच्या पातळ मुलाम्याचे असतात. त्या मुलाम्याखाली हवेचे फुगे राहतात आणि नाण्यावर फोड आल्यासारखे दिसतात. हजारो सेंटांवर ते असतात. डब्यात असे निघाले तर त्यांना बाजूला काढायची गरज नाही.

आरशातला चेहरा. खरा असेल तर हा तुमच्या डब्यातला सगळ्यात मोलाचा तुकडा, म्हणून त्यावरच सगळ्यात जास्त शंका घ्यायची. घडतं असं : एक नाणं ठोकलं गेलं, पण बाहेर न पडता एका डायला चिकटून राहिलं. पुढची चकती आली. तिच्या एका बाजूला खरा डाय, दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. ठोका पडला, आणि चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू नव्या चकतीत उलटी आणि आत दबलेली उमटली. याला ब्रॉकेज म्हणतात.

आता जरा विचार करा, चिकटलेल्या नाण्याची कुठली बाजू उघडी असेल? मागच्या डायला चिकटलं असेल तर त्याची मागची बाजू झाकलेली, चेहऱ्याची बाजू उघडी. समोर चेहऱ्याचा डाय आहेच. म्हणजे नव्या नाण्याच्या एका बाजूला सरळ, वर आलेला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा, आत गेलेला. खऱ्या ब्रॉकेजच्या दोन्ही बाजूंना नाण्याची एकच बाजू असते, एकदा सरळ आणि एकदा उलटी. तुमच्या पत्रावरून ही पहिली चाचणी पार झाल्यासारखी वाटते. पण तेवढ्याने भागत नाही. दोन नाणी, एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला लावून, शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या त्या पकडणाऱ्या यंत्रात दाबली किंवा हातोड्याने ठोकली, तरी एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर उलटा उमटतो.

म्हणून मागची बाजू भिंगाखाली अगदी सावकाश बघा. खऱ्या नाण्यात त्या बाजूला स्वतःची नक्षी कधी उमटलेलीच नसते. तिथे फक्त आरशातला चेहरा असतो. दाबून बनवलेल्यात मूळची नक्षी आधीपासून असते आणि चेहरा त्यावर चढवलेला असतो. त्यामुळे कुठे तरी आकड्याचा पाय, वेलीचं पान, अक्षराचा तुकडा चेपून सपाट झालेला सापडतोच. शिवाय दाब द्यायला समोरच्या बाजूलाही काही तरी टेकलेलं असतं, म्हणून समोरच्या चेहऱ्याचे उंच भाग, गालाचं हाड, भुवई, केस, चपटे आणि निस्तेज झालेले असतात. पुढचा चेहरा ताजा आणि ठसठशीत, मागे फक्त उलटा चेहरा, मूळच्या नक्षीचा मागमूस नाही, वजन बरोबर : असं असेल तर ते नाणं आजच वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्याला परत हात लावू नका.

रंगाची बाजू थोडक्यात सांगता आली असती, पण तुम्ही घासलंय म्हणून सांगावं लागेल. चांदी निळी-जांभळी पडणं हा टांकसाळीचा दोष नाही. हवेतल्या, कागदातल्या, खोक्याच्या पुठ्ठ्यातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा अतिपातळ थर बसतो. थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलत जातो : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग किरमिजी, निळा, आणि थर जाड झाला की काळा. हळूहळू, एकातून एक मिसळत आलेला असा रंग अनेक संग्राहकांना हवा असतो. रसायन लावून झटपट आणलेला रंग झळाळीच्या वर तरंगल्यासारखा दिसतो, खड्ड्यांत आणि अक्षरांच्या आडोशालाही सारखाच भडक असतो.

तुम्ही पॉलिश केलेली दोन नाणी दिव्याखाली तिरकी करून बघा. न घासलेल्या नव्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे जातात आणि नाणं हलवलं की चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ठोक्याच्या वेळी धातू बाहेर पसरताना पडलेल्या सूक्ष्म रेषांमुळे हे होतं. घासलेल्या नाण्यावर नुसता सपाट लखलखाट असतो आणि भिंगाखाली केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. ती झळाळी गेली ती गेली, परत आणायचा उपाय नाही. ती दोन नाणी घरात ठेवायला उत्तम. बाकीच्यांना पॉलिश, पावडर, टूथपेस्ट, आंबट रस, काहीही लावू नका. कानाकोपऱ्यातला काळा थरसुद्धा राहू द्या.

हिरव्या चिकट थराचं मात्र लवकर करा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी द्रव्यं धातूला चिकटतात आणि हळूहळू त्याला खातात. सगळी नाणी त्या अल्बममधून आजच बाहेर काढा. शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घ्या, नखांचं रंग काढायचं द्रावण नको, त्यात तेल आणि सुवास मिसळलेले असतात. खिडकी उघडी, विस्तव दूर. नाणं काही मिनिटं बुडवून ठेवा, काढा, स्वच्छ ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवा, आपोआप वाळू द्या. चोळायचं नाही, पुसायचंही नाही. चिकट हिरवं विरघळून जाईल. तांब्या-कांस्याच्या एखाद्या नाण्यावर हिरवं चिकट नसून कोरडी, फिकट भुकटी असेल आणि ती झाडली तरी पुन्हा येत असेल, तर ती क्लोराइडने होणारी झीज. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या जागी ठेवा, आणि स्वतः उपचार करू नका.

नवी पाकिटं घेताना त्यावर ‘पीव्हीसी-मुक्त’ लिहिलंय का बघा. प्रत्येक पाकिटात एक नाणं, सोबत चिठ्ठीवर वजन, व्यास आणि तुम्हाला काय दिसलं ते. एवढी चिठ्ठी हातात असली की जाणकार विक्रेत्याशी किंवा नाणेसंग्राहक मंडळातल्या माणसाशी बोलताना तुमची बाजू भक्कम होते. नाणी पारखून सीलबंद करून देणाऱ्या संस्था आहेत, पीसीजीएस आणि एनजीसी या त्यांतल्या मोठ्या; पण त्यांची फी खरी असली तरी ती भरण्याइतकं नाणं तुमच्याकडे आहे का हे आधी दुसऱ्या डोळ्याने बघून घ्या. माझ्या मते आत्ता तरी आरशातला चेहरा आणि चंद्रकोर या दोघांखेरीज कुणासाठी धावपळ करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण बोटीवरच्या माणसाच्या डब्यात ती असू शकते म्हणून सांगतो. चूक शोधण्याआधी त्या देशात नेहमीचं काय हे माहीत हवं. अमेरिकी नाणं डावीकडून उजवीकडे उलटलं की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते, ब्रिटिश किंवा युरोचं नाणं उलटलं की सरळ दिसते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, तरी रोज कुणी तरी याला चूक समजतं. चूक तेव्हा, जेव्हा त्याच देशाच्या इतर नाण्यांपेक्षा कोन वेगळा येतो, आणि तोही चांगला ठळक. तसंच, हाताने ठोकलेली जुनी नाणी मध्यावरून सरकलेली, कडेला चिरलेली असणं हे नेहमीचं. त्यांच्या काळी कॉलरच नव्हती.

ब्रिटिश सुटं निघालं तर २० पेन्सची नाणी वेगळी काढा. २००८मध्ये मागची नक्षी बदलली, ढालीचा एक तुकडा आला, आणि साल मागच्या बाजूवरून चेहऱ्याच्या बाजूला हलवलं. काही नाण्यांना नवी पाठ आणि जुना चेहरा असे डाय जोडले गेले, त्यामुळे त्यांवर साल कुठेच नाही. याला म्यूल म्हणतात, दोन न जुळणाऱ्या डायची जोडी. भिंगही लागत नाही, दोन्ही बाजू बघून साल सापडतं का एवढंच पाहायचं. २ पेन्सवर ‘न्यू पेन्स’ लिहिलेलं दिसलं तर लगेच हुरळू नका, १९८१पर्यंतच्या सगळ्यांवर तेच आहे. १९८२पासून तिथे ‘टू पेन्स’ आलं, पण १९८३च्या काही संचांतल्या नाण्यांवर चुकून जुनेच शब्द राहिले. तेव्हा ‘न्यू पेन्स’ आणि १९८३ हे दोन्ही एकाच नाण्यावर हवं, आणि तो ३ दुसरा आकडा बदलून केलेला नाही ना हेही भिंगाखाली पाहून घ्या.